हारतुऱ्यांशिवाय तेंडुलकर

नाटककाराचा गौरव करायचा म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. दीपप्रज्वलन, प्रतिमेला हार, स्वागत, प्रास्ताविक, मान्यवरांची मनोगतं आणि एवढं होऊन वेळ उरलाच तर ‘निवडक प्रवेशांचं सादरीकरण’. ज्याच्यासाठी जमलो त्याची वाक्यं सगळ्यांत शेवटी, तीही वेळेअभावी कापलेली. म्हणून आमच्या नाट्यगृहानं विजय तेंडुलकरांवर कार्यक्रम करायचं मनावर घेतलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत मी एवढंच सांगितलं की भाषण एकही नको. विश्वस्तांपैकी एक काका दचकलेच. म्हणाले, “मग लोक येतील कशाला?”

“लोक भाषणांना येत नाहीत हो,” सर म्हणाले, “भाषणं सोसतात.”

सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. मी रंगमंच व्यवस्था बघते, म्हणजे घंटा देणं, प्रॉपर्टी जमवणं, विंगेत उगाच उभे राहिलेल्यांना बाहेर काढणं. नाट्यगृह लहान आहे, शंभरेक खुर्च्यांचं. तारीख ठरवायला वेळ लागला नाही. तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा, त्यामुळे त्या तारखेला लागून येणारा शनिवार-रविवार धरला. २०२८ ला शताब्दी आहे, तेव्हाच करू, असंही एक मत पडलं. पण शताब्दीला सगळेच करणार, आणि तेव्हा मांडव, मंत्री आणि स्मरणिका यांतून सुटका नाही. आधी केलं तर मनासारखं करता येईल, हा मुद्दा काकांनाही पटला. खर्च कमी येईल हे त्यामागचं खरं कारण असावं.

काय करायचं यावर मात्र पावसाळा गेला. तेंडुलकर म्हटलं की तीन नावं येतात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’. त्यातलं ‘घाशीराम’ मी पहिल्यांदा खोडलं. ते वाचायचं नाटकच नाही. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला तो डॉ. जब्बार पटेलांनी बसवलेला. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं आणि रंगमंचावर हलणारी, डोलणारी, क्षणात उघडणारी आणि मिटणारी माणसांची भिंत. ती भिंत काढून खुर्च्यांवर बसून संवाद वाचले तर उरतं काय? आमच्या रंगमंचावर ती भिंत मावली नसती, आणि मावली असती तरी तेवढी गाणारी, नाचणारी मुलं कुठून आणायची? तरुण मंडळी नाराज झाली. त्यांना तेच करायचं होतं.

मग उरलेल्या तेंडुलकरांकडे वळलो, आणि इथं मला मजा यायला लागली. माणसानं लिहिलंय किती! एकांकिका, कथा, ‘कोवळी उन्हे’ आणि ‘रातराणी’सारखं स्फुट लेखन, दोन कादंबऱ्या, ‘सामना’पासून ‘सिंहासन’, ‘उंबरठा’पर्यंतच्या आणि तिकडे हिंदीत ‘निशांत’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’पर्यंतच्या पटकथा. शिवाय मुलांची नाटकं. हिंसेचा नाटककार म्हणून ज्याला आपण एका खणात ठेवून दिलं, त्यानं ‘राजाराणीला घाम हवा’ आणि ‘बॉबीची गोष्ट’ लिहिलंय, हे आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. सकाळी मुलांचं नाटक ठेवायचं हे तिथंच ठरलं. संध्याकाळी अभिवाचनं, दुसऱ्या दिवशी ‘शांतता’चा शेवटचा भाग उभा करायचा, आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये प्रदर्शन.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. तेंडुलकर १९ मे २००८ ला गेले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत त्यांची ओळ जाहीरपणे सादर करायची तर हक्कदारांचं पत्र आणि मानधन आलंच. ‘आपण तर वाचणारच आहोत’, ‘आपण तर गौरवच करतोय’ अशा सबबी अनेक संस्था सांगतात. लेखकाचा गौरव करायचा आणि त्याचे पैसे बुडवायचे, याला मी तरी गौरव म्हणणार नाही. पत्रं वेळेत आली. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, गेल्या. एका कार्यालयात आमचा कागद बरेच दिवस एका टेबलावर पडून राहिला आणि ‘साहेब रजेवर’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते संवाद म्हणून कुठंतरी वापरावंसं वाटू लागलं. पण ‘सखाराम’च्या वेळी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना प्रयोग चालू ठेवण्यासाठी कोर्टापर्यंत जावं लागलं होतं. त्यापुढे आमचं दुःख किरकोळ.

तालमी सुरू झाल्या आणि खरी अडचण समोर आली. आमची मुलं एकांकिका स्पर्धांमधून आलेली. आवाज मोठा, वेग भरपूर आणि प्रत्येक प्रवेशात टाळीचं वाक्य शोधायची सवय. तेंडुलकरांचं पान उघडलं की मात्र टिंबं दिसतात. वाक्य सुरू होतं, तुटतं, टिंबं, मग दुसरंच वाक्य. माणसं मनातलं बोलता बोलता थांबतात, भलतंच बोलून जातात. पहिल्या वाचनात मुलांनी ही सगळी टिंबं सपाट केली. एका मुलानं तर विचारलं, “सर, ही छपाईची चूक आहे का?”

सर हसले नाहीत. त्यांनी ‘सखाराम’चा पहिला प्रवेश काढला. सखाराम लक्ष्मीला घरी आणतो आणि घराचे नियम सांगतो, तो. सरांनी मुलांना सांगितलं, आज संवाद म्हणायचे नाहीत. जिथं टिंबं आहेत तिथं पेन्सिलीनं लिहा, त्या क्षणी हा काय बघतोय आणि ती काय बघत्येय. तासभर कुणी तोंड उघडलं नाही. नुसता पेन्सिलींचा आवाज. मग वाचायला बसले तर प्रवेश आधीपेक्षा बराच लांबला आणि तरीही आखूड वाटला. लक्ष्मीला त्यात बोलायला फारसं नाही. पण ज्या मुलीकडे ती होती, तिच्या समासात सखारामपेक्षा जास्त मजकूर होता. घर किती मोठं आहे, देव कुठं आहेत, दार लागतं का, हा माणूस मारेल का.

त्या दिवसानंतर तालमीचा आवाजच बदलला. मला यातलं एक पटलं आहे ते असं, की तेंडुलकरांची पत्रकारिता या टिंबांमागे असावी. ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ अशा वर्तमानपत्रांत त्यांनी काम केलं होतं. माणसं खरोखर कशी बोलतात ते कान देऊन ऐकलेला हा लेखक आहे. व्यासपीठावरून बोलणारी पात्रं मराठी रंगभूमीवर तोवर पुष्कळ झाली होती. गरगरीत, अलंकारिक, प्रेक्षकांकडे तोंड करून बोलणारी. यांची पात्रं एकमेकांशीही धड बोलत नाहीत. सरांचं म्हणणं थोडं वेगळं होतं, ते म्हणायचे की हे सगळं त्यांच्याकडे एकांकिकांपासूनच होतं, पत्रकारितेनं फक्त धार आली. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

‘शांतता’च्या वेळी वेगळाच प्रश्न उभा राहिला. लीला बेणारेचं शेवटचं स्वगत हे आता नाट्यप्रशिक्षणाच्या प्रवेश परीक्षांचं ठरलेलं भाषण झालं आहे. आमच्या बेणारेनंही ते देऊनच कुठंतरी प्रवेश मिळवला होता. पहिल्या तालमीत ती पहिल्या वाक्यापासून रडली. छान रडली, डोळ्यांतून खरं पाणी. बाकीची मुलं भारावली. सर म्हणाले, “फार चांगलं. आता हे विसर.”

त्या स्वगताची रचना फार चतुर आहे, हे मला तालमीत कळलं. खेळ म्हणून सुरू झालेला अभिरूप खटला, आरोप भ्रूणहत्येचा, आणि बघता बघता सगळे मिळून बेणारेचं खासगी आयुष्य उकरून काढतात. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला मुदत देतात ती दहा सेकंदांची. मग बाकी सगळे गोठतात आणि ती कितीतरी वेळ बोलते. बोलणं संपल्यावर कोर्ट पुढे चालू होतं, वेळ संपली म्हणून. म्हणजे ती बोललीच नाही. आपण ऐकलं ते तिच्या आत. १९६७ मध्ये रंगायन या नाट्यसंस्थेच्या प्रयोगात अरविंद देशपांडे दिग्दर्शक आणि सुलभाताई देशपांडे बेणारे होत्या. हे स्वगत मूळ लेखनात नव्हतं, देशपांड्यांच्या आग्रहानं तेंडुलकरांनी ते नंतर लिहून दिलं. हे मुलांना सांगितल्यावर त्यांना धक्काच बसला. ज्या भाषणावर आख्खं नाटक उभं आहे असं ते समजत होते, ते नसतानाही नाटक पूर्ण होतं!

सरांनी मग तो प्रयोग करून बघितला. स्वगत वगळून शेवट केला. काशीकर दहा सेकंद देतात, बेणारे काहीच बोलत नाही, सगळे खरोखर दहा सेकंद तिच्याकडे बघत राहतात, वेळ संपते. तालमीच्या खोलीत ते दहा सेकंद असह्य झाले. दुसऱ्या दिवशी बेणारेनं स्वगत म्हटलं ते न रडता, पर्समधल्या वस्तू एकेक करून आत ठेवत, वर्गातल्या मुलांना काहीतरी समजावून सांगावं तसं. शिक्षिकाच ना ती! अर्ध्यावर एकदा आवाज फाटला, तेवढंच. प्रयोगात स्वगत ठेवलं, पण ते बोलायला लागण्याआधीचे ते रिकामे दहा सेकंदही ठेवले. संहितेत ते असे नाहीत आणि तेंडुलकरांना चाललं असतं का यावर पुन्हा वाद. माझं मत, चाललं नसतं. पण बघायला आवडलं असतं.

प्रदर्शन माझ्याकडे होतं. जीवनपट लावायचा तर जन्म, शिक्षण, पुरस्कार अशी रांग लावतात. ती मला नको होती. बेचाळीसच्या चळवळीत या मुलाची शाळा सुटली, पुढे पुरस्कारांमध्ये १९८४ चं पद्मभूषण, हे एका फलकात उरकलं. बाकीच्या प्रत्येक फलकावर दोन तारखा लावल्या, लिहिलं कधी आणि रंगमंचावर आलं कधी. ‘शांतता’ १९६३ ला लिहिलं, १९६७ ला उभं राहिलं. ‘गिधाडे’ १९६१ ला लिहिलं, उभं राहायला १९७० उजाडलं. ही मधली वर्षं लोक थांबून वाचत होते. पहिलं नाटक ‘गृहस्थ’ इतकं पडलं की पुन्हा नाटक लिहायचं नाही असं या माणसानं ठरवलं होतं. आणि पुढे तेच नाटक ‘कावळ्यांची शाळा’ होऊन पुन्हा आलं. हा फलक मी दाराशीच लावला. स्पर्धेत नंबर न आल्यानं कोलमडणाऱ्या मुलांच्या नजरेला तो पडावा, एवढाच हेतू.

जुनी हस्तपत्रकं, तिकिटं, स्मरणिका लोकांनी माळ्यावरून काढून आणून दिल्या. एका आजोबांनी छबिलदासमधल्या प्रयोगांच्या आठवणी इतक्या सांगितल्या की मला त्यांना खुर्ची देऊन तिथंच बसवावं लागलं. दादरच्या त्या शाळेच्या सभागृहात आविष्कार या नाट्यसंस्थेनं प्रयोग सुरू केले तो काळ त्यांनी जवळून पाहिलेला. प्रदर्शनातला सगळ्यांत चांगला फलक तेच होते.

आणि साडी. ‘गिधाडे’त माणिकच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो, गर्भपाताचा. परिनिरीक्षण मंडळाला तो लाल डाग नको होता. डॉ. श्रीराम लागूंनी तो निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना जाहीर केलं की हा निळा डाग लाल समजावा. मी एक पांढरी साडी आणली, त्यावर निळा रंग ओतला आणि पॅसेजच्या मध्ये टांगली. खाली एवढीच सूचना लिहिली, ‘हा डाग लाल समजावा’. गोष्ट शेजारच्या फलकावर. येणारी माणसं आधी साडी बघत, गोंधळत, मग वाचत आणि पुन्हा साडीकडे बघत. विश्वस्त काकांना ती साडी अशुभ वाटली. दोन दिवस ते मागच्या दारानं ये-जा करत होते.

सगळ्यात जास्त ताण झाला तो ‘कन्यादान’चा. समाजवादी नाथ देवळालीकर, त्यांची बायको सेवा, मुलगी ज्योती आणि तिनं निवडलेला दलित कवी अरुण आठवले. लग्नानंतर अरुण तिला मारतो. अरुण वाचायला आमच्याकडे एकच मुलगा शोभत होता. आवाज उत्तम, समज उत्तम. तो स्वतः दलित वस्तीतून आलेला आणि लिहिणाराही. त्यानं संहिता वाचली आणि परत आणून दिली. मला म्हणाला, “ताई, वाचीन मी. पण वाचून झाल्यावर मला बोलायचंय. सगळ्यांसमोर.”

भाषण नको हा माझाच नियम. आणि गौरवाच्या कार्यक्रमात नाटककारावर टीका, तीही त्याच्याच नाटकानंतर लगेच? बैठकीत बरीच खळखळ झाली. मला मात्र तेंडुलकरांचीच एक गोष्ट आठवत होती. याच नाटकाला सरस्वती सन्मान मिळाला, तेव्हा तो स्वीकारताना त्यांनीच सांगितलं होतं की याच नाटकासाठी आपल्यावर एकदा चप्पल फेकली गेली होती. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात मांडल्या. मग आम्ही कोण चप्पल लपवून फक्त सन्मान दाखवणारे? मुलाला वेळ द्यायचा ठरलं.

कार्यक्रमाचे दोन्ही दिवस बरेच धावपळीत गेले. मुलांच्या नाटकाला खुर्च्या पुरल्या नाहीत, आईबाप पायऱ्यांवर बसले. ‘सखाराम’च्या वाचनात मृदंग वाजवायला बोलावलेले बुवा उशिरा आले, तोवर सखारामनं टेबलावर ताल धरला. तिसरी घंटा मी वेळेवर दिली, एवढं मात्र नोंदवून ठेवते. ‘शांतता’च्या त्या रिकाम्या दहा सेकंदांत मागच्या रांगेतून कुणीतरी “बोल ना” असं हळूच म्हणालं आणि आमची बेणारे जागची हलली नाही. नाटक संपल्यावर ते ‘बोल ना’ म्हणणारे कोण, हे शोधायचा मुलांनी खूप प्रयत्न केला.

‘कन्यादान’चं वाचन चांगलं झालं. अरुण वाचताना त्या मुलानं कुठंही हात राखला नाही. उलट सेवा वाचणाऱ्या बाईच थोड्या बिचकल्या. संहिता मिटून तो उभा राहिला आणि शांतपणे बोलला. त्याचा मुद्दा असा होता की नाथांचं आदर्शवादी घर आपल्याला आतून दिसतं, त्यांची स्वयंपाकघरापर्यंतची भाषा कळते. अरुणचं घर मात्र एकदाही रंगमंचावर येत नाही, ते फक्त त्याच्या बोलण्यात आणि ज्योतीच्या अंगावरच्या वळांत दिसतं. “ज्याचं घर लेखकानं पाहिलं नाही, त्याच्या हिंसेचं कारण त्यानं त्याच्या जातीत शोधलं,” असं तो म्हणाला. प्रेक्षकांतून एक बाई उठल्या. त्यांचं म्हणणं, नाटक अरुणवर नाहीच, ते नाथांवर आहे. मुलीला प्रयोगाची वस्तू करणाऱ्या बापावर. तो म्हणाला, “मग त्या प्रयोगाचं साहित्य म्हणून मीच का?” त्या गप्प झाल्या नाहीत, त्यांनी उत्तर दिलं, त्याला त्यानं उत्तर दिलं. छबिलदासवाले आजोबाही मध्ये पडले. सभागृह रिकामं करायची वेळ टळून गेली आणि वॉचमन दाराशी येऊन उभा राहिला.

त्या रात्री आवराआवर करताना सर एवढंच म्हणाले की पाच भाषणं ठेवली असती तर एकानंही हे विचारलं नसतं. तेंडुलकरांच्या नाटकांनी लोकांना आपसांत भांडायला लावलं, हे त्यांच्या कारकिर्दीतलं फार मोठं काम आहे, आणि ते फोटोला हार घालून दाखवता येत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. काकांचं मत वेगळं आहे. त्यांना निदान एक शाल तरी हवी होती.

हिशोब जुळला. तिकिटांतून मानधन, परवानगीचा खर्च आणि मुलांचा नाश्ता निघाला, प्रदर्शनाचे फलक संस्थेनं ठेवून घेतले. एका महाविद्यालयानं ते मागितलेत, साडी वगळून.

‘कन्यादान’वर बोललेल्या त्या मुलानं आता स्वतः एक दीर्घांक लिहायला घेतलाय. नावं त्याची, गाव त्याचं आणि सगळं नाटक तिकडच्या घरात घडतं. लग्न करून आलेली मुलगी, तिचा नवरा आणि नवऱ्याची आई. दर गुरुवारी आमच्याच तालमीच्या खोलीत वाचन असतं. आई जरा जास्त बोलते आणि दुसऱ्या प्रवेशात ती स्वतःला समजावून सांगायला लागते, तो भाग कापावा असं मी त्याला सुचवलंय. त्याला ते अजिबात मान्य नाही.